लाए ते हाउलंड

नकाशावर दोन ठिपके मांडून त्यांवर पट्टी ठेवली कीं अंतर सांपडलें, ही शाळेंतील समजूत पुष्कळांच्या मनांत जन्मभर टिकून राहते. तारीख 2 जुलै 1937 रोजीं न्यू गिनीमधील लाए येथून अमेलिया इअरहार्ट ही अमेरिकन वैमानिक स्त्री व तिला मार्ग दाखविणारा फ्रेड नूनन हीं ज्या उड्डाणास निघालीं, त्याचें गणित म्हणूनच वाचकांपुढें मांडावेंसें आम्हांस वाटतें. याच पृथ्वीप्रदक्षिणेंत जूनमध्यें तीं कराचीस व कलकत्त्यास उतरलीं होतीं. आतां गांठावयाचें होतें प्रशांत महासागरांतील हाउलंड बेट. बेट कसलें, दीड मैल लांब नि अर्धा मैल रुंद असा एक सपाट तुकडा!

लाए पूर्व रेखांश 147 वर, हाउलंड पश्चिम रेखांश 176 अंश 38 कलांवर. घाईनें वजाबाकी करणारा येथेंच फसतो. दोन्ही रेखांशांची बेरीज 360 मधून वजा केली पाहिजे. मग 36 अंश 22 कला उरतात. लाए विषुववृत्ताच्या दक्षिणेस पावणेसात अंश, हाउलंड उत्तरेस पाऊण अंश. हें सारें गोलीय त्रिकोणमितींत घातलें कीं बृहद्वृत्ताचा कंस 37 अंशांहून किंचित् अधिक येतो. त्याची एक कला म्हणजे एक सागरी मैल. तेव्हां अंतर 2,220 सागरी मैलांच्या थोडें वर, म्हणजे आपले साधे मैल सुमारे 2,556. वाटेंत दिनरेषा ओलांडावयाची असल्यानें 2 जुलैच्या सकाळीं निघून पुन्हां 2 जुलैच्याच सकाळीं पोंचावयाचें, ही त्यांतली गंमत.

अंतर निश्चित झालें, तरी वेळ निश्चित होत नाहीं. विमानाचा वेग ताशीं 150 मैल धरला तर प्रवास सतरा तासांचा. परंतु समोरून ताशीं 25 मैलांचा वारा असेल, तर जमिनीच्या हिशेबानें वेग 125 उरतो आणि तेच सतरा तास साडेवीस होतात. पेट्रोल सुमारे 1,100 अमेरिकन गॅलन भरलेलें. हे वाढीव तास त्यांतूनच काढावयाचे. शिवाय दिशा एका अंशानें जरी चुकली, तरी इतक्या अंतराच्या शेवटीं विमान जवळजवळ 39 सागरी मैल बाजूस पडतें.

निघाल्यापासून 19 तास 12 मिनिटांनीं हाउलंडजवळ उभ्या असलेल्या ‘इटास्का’ या नौकेस तिचा संदेश मिळाला कीं आपण तुमच्यावरच असलों पाहिजे, पण तुम्ही दिसत नाहीं, पेट्रोल संपत आलें आहे. आमच्या मतें नूननच्या गणितास येथें दोष देणें अन्यायाचें होईल. वेळेचा हिशेब त्यानें बराच नेमका जमविला होता. त्या काळच्या नकाशांत खुद्द हाउलंडच सुमारे पांच सागरी मैल चुकीच्या जागीं दाखविलेलें होतें! आणखी तासाभरानें शेवटचा संदेश आला: आम्ही 157–337 या रेषेवर आहों. ही उगवत्या सूर्याच्या वेधावरून काढलेली रेषा, सूर्याच्या दिशेशीं काटकोनांत असलेली. आपण पूर्वेकडे किती आलों हें तिनें कळतें. बेट त्या रेषेवर वायव्येस राहिलें कीं आग्नेयीस, हें तिनें कळत नाहीं. तें सांगण्यास बिनतारी यंत्राची दिशा हवी होती, आणि ती मिळाली नाहीं. ‘लेक्सिंग्टन’ या विमानवाहू जहाजासह आरमारानें 19 जुलैपर्यंत समुद्र धुंडाळला.