हाँगकाँगचे फाइट मास्टर
हाँगकाँगच्या चित्रसृष्टीत मारामारी बसवणाऱ्याला जो अधिकार असतो तो इतरत्र क्वचितच दिसतो. लढतीचा प्रसंग आला की दिग्दर्शक बाजूला होतो आणि सेट फाइट मास्टरच्या ताब्यात जातो. कॅमेरा कुठे लावायचा, किती वेगाने चालवायचा, कोणत्या वारावर शॉट तोडायचा, हे सगळे तोच ठरवतो. त्यामुळे चिनी भाषेतला ॲक्शनपट पारखताना दिग्दर्शकाइतकेच, कधी कधी त्याच्याआधी, या माणसाचे काम पाहावे लागते.

चिनी मारधाडपटांची पहिली मोठी लाट शांघायची. तिथे १९२८ मध्ये सुरू झालेल्या ‘लाल कमळ मंदिराचे दहन’ या मालिकेचे अठरा भाग निघाले. पुढे राष्ट्रवादी सरकारने अंधश्रद्धा पसरवतात म्हणून अशा चित्रपटांवर बंदी घातली. १९४९ मध्ये हाँगकाँगमध्ये वाँग फेइ-हुंग या प्रत्यक्षात होऊन गेलेल्या वैद्य-उस्तादावर चित्रपट निघू लागले. नायक होते क्वान टाक-हिंग. या मालिकेत काम करणारे लाउ चाम हे खुद्द वाँग फेइ-हुंग यांच्या शिष्याचे शिष्य. म्हणजे आखाड्यातली विद्या जवळजवळ थेट पडद्यावर आली. लाउ चाम यांचा मुलगा लाउ कार-लेउंग याच मालिकेच्या सेटवर घडला.

आखाड्याचा हा एक प्रवाह. दुसरा पेकिंग ऑपेराचा. यू जिम-युएन यांच्या कौलूनमधल्या शाळेत मुले वर्षानुवर्षांच्या कराराने राहत. कोलांट्या, तासन्‌तास हातांवर उभे राहणे, शस्त्रांचे हात, गाणे, असा दिनक्रम. चुकले की छडी. सॅमो हुंग, जॅकी चॅन, युएन ब्याव हे तिथलेच. पण ही मुले तयार होईपर्यंत ऑपेराचा प्रेक्षक आटला होता. रंगभूमीसाठी कमावलेली शरीरे मग स्टुडिओच्या दारात उभी राहिली आणि स्टंटचे काम करू लागली. या चित्रसृष्टीचे सारे वैभव एका मोडकळीला आलेल्या कलेने दिलेल्या मनुष्यबळावर उभे आहे, हे विसरता येत नाही.

या मनुष्यबळाला काम मिळाले ते शॉ ब्रदर्स या चित्रपट कंपनीच्या क्लिअर वॉटर बे इथल्या स्टुडिओनगरीत. १९६६ च्या ‘कम ड्रिंक विथ मी’मध्ये दिग्दर्शक किंग हू यांनी नृत्य शिकलेल्या चेंग पेइ-पेइ यांना तलवार दिली. लढती बसवल्या ऑपेरातून आलेल्या हान यिंग-च्ये यांनी. खाणावळीतल्या प्रसंगात आधी बराच वेळ कोणी हलतच नाही. नजरा फिरतात, वस्तू हवेत भिरकावल्या जातात, आणि मग एकदम वार होतो. थांबणे आणि तुटून पडणे यांचा हा ताल ऑपेराच्या तालवाद्यांचा आहे. पुढच्याच वर्षी चांग चे यांच्या ‘वन-आर्म्ड स्वोर्ड्समन’ने हाँगकाँगमध्ये दहा लाख डॉलरचा गल्ला गाठला. त्याच्या लढती लाउ कार-लेउंग आणि टांग चिया यांच्या. लाउ यांनी नंतर स्वतःच दिग्दर्शन हाती घेतले. १९७८ च्या ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’चा मोठा भाग नुसत्या तालमीचा आहे, आणि तोच सर्वांत रंगतो.

ब्रूस ली यांनी १९७१ ते १९७३ या अवघ्या दोन-तीन वर्षांत ही सगळी नजाकत बाजूला सारली. त्यांच्या लढती थोडक्या, थेट आणि खऱ्या वाटत. त्यांच्या निधनानंतर नक्कल करणाऱ्यांचे पीक आले. कोंडी फुटली ती १९७८ मध्ये, युएन वू-पिंग आणि जॅकी चॅन यांच्या ‘ड्रंकन मास्टर’ने. त्यात दारुड्या गुरूची भूमिका करणारे युएन सिउ-तिएन हे दिग्दर्शकाचे वडील आणि स्वतः जुने फाइट मास्टर.

१९८० चे दशक स्टंटवाल्यांच्या ताफ्यांचे. सॅमो हुंग, जॅकी चॅन, युएन वू-पिंग आणि त्यांचे भाऊ, लाउ कार-लेउंग आणि त्यांचे भाऊ यांचे आपापले ताफे होते आणि संगीतातल्या घराण्यांसारखी प्रत्येकाची चाल ओळखू येई. काम शॉटाशॉटाने चाले: चार-पाच हात बसवायचे, चित्रित करायचे, मग पुढचे. फटका जोरात लागल्याचे दिसावे म्हणून कपड्यांवर पावडर टाकत. कॅमेरा सेकंदाला चोवीसपेक्षा थोड्या कमी फ्रेमवर चालवला की हालचाल चपळ दिसे. उंचावरून पडणे मात्र खरे असे. ‘पोलीस स्टोरी’मध्ये (१९८५) जॅकी चॅन मॉलमधल्या दिव्यांनी लगडलेल्या खांबावरून घसरत काचेतून खाली आदळतात, त्यात त्यांचे हात भाजले. हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत फाइट मास्टरसाठी वेगळा पुरस्कार १९८३ पासून आहे. ऑस्करने स्टंटसाठी पुरस्कार जाहीर केला तो २०२५ मध्ये, आणि तोही २०२७ च्या चित्रपटांपासून.

नंतर तारांचा जमाना आला. चिंग सिउ-तुंग यांनी ‘अ चायनीज घोस्ट स्टोरी’मध्ये (१९८७) तारांना बांधलेली माणसे वाऱ्यावर तरंगवली. तारा ओढायला पडद्यामागे माणसेच असत, आणि झेप सुंदर दिसणे त्यांच्या मनगटांवर अवलंबून असे. युएन वू-पिंग यांनी ‘द मेट्रिक्स’ (१९९९) आणि ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ (२०००) यांतून हे तंत्र जगभर पोहोचवले. मुंबईच्या ‘क्रिश’साठी (२००६) चिंग सिउ-तुंग आले, तर तमिळ ‘एंदिरन’साठी (२०१०) युएन वू-पिंग.

आजच्या चित्रपटांची अडचण वेगळीच आहे. ऑपेराच्या शाळा बंद पडल्या आणि तसे कमावलेले नट उरले नाहीत. पैसा मुख्य भूमी चीनचा, बाजारही तिथलाच. संगणकाने तार पुसता येते, तशी पार्श्वभूमीही नवी घालता येते. नटाला येत नाही ते वेगवान संकलनाने झाकले जाते. म्हणून नव्या चित्रपटाची खरी कसोटी म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत दिसणारा नट न तोडलेल्या शॉटमध्ये किती वेळ लढतो. ‘इप मॅन’ (२००८) या कसोटीला उतरतो. तिथे डॉनी येन यांच्या लढती सॅमो हुंग यांनी बसवल्या होत्या. ‘ट्वायलाइट ऑफ द वॉरियर्स: वॉल्ड इन’ने (२०२४) पाडून टाकलेली कौलूनची कोंदट वस्ती सेटवर पुन्हा उभारली आणि तिच्या अरुंद बोळांचा, जिन्यांचा लढतींसाठी कसून वापर केला. त्या लढती बसवणारे केन्जी तानिगाकी मूळचे जपानी, डॉनी येन यांच्या ताफ्यात तयार झालेले.