हाली, कलदार आणि हुंडणावळ

नांदेड व लातूर ही दोन्ही स्थळे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. संस्थानचे नाणे ‘हाली सिक्का’, म्हणजे शब्दशः ‘सध्या चालू असलेले नाणे’. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयास लोक ‘कलदार’, म्हणजे यंत्रावर पाडलेला, म्हणत. पुढे हाली रुपयाही यंत्रावर पडू लागला, तरी नावे बदलली नाहीत. कारण ती आता घडणीचा नव्हे, तर मोलाचा भेद दाखवीत होती. या मोलाच्या प्रमाणासच व्यापारी हुंडणावळ म्हणत.

स्थिरावलेला दर सात हालीस सहा कलदार, म्हणजे शंभर कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असा होता. केवळ फर्मानाने तो टिकणे शक्य नव्हते. कापसाच्या हंगामात बाहेरच्या खरेदीदारापाशी कलदार असे, शेतकऱ्यास मात्र हाली द्यावा लागे. साहजिकच हाली वधारू पाहे. हंगाम सरून बाहेरचा माल मागविण्यास कलदार हवा झाला, की हाली उतरू पाहे. पहिल्या प्रसंगी कलदार घेऊन हाली पुरविणे व दुसऱ्या प्रसंगी साठ्यातील कलदार देऊन हाली परत घेणे, हाच दर राखण्याचा मार्ग होय. १९४२ मध्ये कामकाजास आरंभ केलेल्या हैदराबाद स्टेट बँकेकडे चलनाचे व्यवस्थापन आले. आज रिझर्व्ह बँक डॉलरच्या खरेदीविक्रीने जे साधते, ते याच जातीचे कार्य आहे. मात्र १९९३ पासून रुपयाचा दर बाजारात ठरतो आणि बँक त्याचे तीव्र चढउतार तेवढे आवरते.

१९४७ च्या अखेरीस निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात विधिग्राह्य राहणार नाही असे ठरविले. त्याच सुमारास पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज दिले गेले, तेही भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपाने! बाजारात नाकारलेला कलदार तिजोरीत मात्र आधारभूतच राहिला होता. चलनाचे स्वातंत्र्य नाण्यावरील मुद्रेत नसून त्यामागील साठ्यात असते, ही गोष्ट येथे स्पष्ट होते.

१९५० मध्ये भारतीय रुपया संस्थानात आला व हाली क्रमाने बाद झाला. अदलाबदल त्याच सातास सहा या दराने झाली. राज्य लयास गेले, पण मराठवाड्यातील शेतकऱ्याने गाठीस बांधलेला हाली रुपया कवडीमोल झाला नाही. हुंडणावळ राखण्याचे खरे फलित ते हेच.