पेशी खाते कशी?

१९७६ सालची गोष्ट. मी तेव्हा वेल्ह्याकडच्या एका शाळेत इतिहास आणि मराठी शिकवत होतो. विज्ञानाचे सर बदलून गेले, नवे येईनात, म्हणून नववीचे विज्ञान माझ्या गळ्यात पडले. मी मराठी माध्यमातला बी.ए. माणूस! रात्री कंदिलाशी पुस्तक वाचायचे आणि सकाळी तेच फळ्यावर उतरवायचे. पेशीपटल, पेशीद्रव्य, केंद्रक.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, पेशीला तोंड नाय, मग ती खाती कशी?"

"पटलातून झिरपतं," मी म्हणालो.

"आन् मोठा घास आसंल तर?"

वर्ग हसला. मी तिला रागावून खाली बसवले. खरे तर मलाच उत्तर येत नव्हते. त्या मुलीने पुन्हा कधी हात वर केला नाही.

मंडळी, निवृत्तीनंतर नातीच्या मदतीने मी या प्रश्नाचा इतिहास धुंडाळला. (इतिहासाच्या मास्तरला दुसरे काय जमणार?) आणि चकितच झालो. ती मुलगी विचारत होती त्याच वर्षी इंग्लंडात केंब्रिजला बार्बरा पिअर्स यांनी त्या 'तोंडा'तल्या मुख्य प्रथिनाचे बारसे केले होते. नाव क्लॅथ्रिन. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ जाळीशी जोडलेला आहे. त्यांनी ते डुकराच्या मेंदूतून शुद्ध करून घेतले होते.

पण सुरुवात त्याआधीची, आणि तीही डासापासून. १९६४ मध्ये रॉथ आणि पोर्टर या अमेरिकन संशोधकांनी डासाच्या मादीची अंडपेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. मादीने रक्त प्यायले की काही तासांत अंडपेशीच्या पटलावर खळगे पडतात, पूर्वीच्या पंधरापट. खळग्यांच्या आतल्या बाजूला केसाळ अस्तर दिसते. अंड्याचा बलक बनवणारी प्रथिने या खळग्यांत शिरतात, खळगा खोल होतो, तुटतो आणि पुटिका होऊन आत जातो. म्हणजे तोंड कायमचे नसते, घास आला की तेवढ्यापुरते तयार होते! १९६९ मध्ये कानासेकी आणि कादोता या जपान्यांना ते केसाळ अस्तर म्हणजे टोपलीची वीण असल्याचे दिसले.

ही टोपली वाचून मला आमच्याकडचे बुरूड आठवले. कोंबड्यांच्या डालग्याची सहाकोनी वीण तुम्ही पाहिली असेल. नुसते षट्कोन विणत गेलात तर सपाट चटईच होते. गोलाई हवी तर मध्ये पंचकोन घालावे लागतात, आणि पूर्ण बंद गोळ्याला बरोबर बारा. क्लॅथ्रिनचेही असेच. त्याचा एकेक तुकडा तीन पायांचा. अनेक तुकडे पायात पाय अडकवून टोपली विणतात. बाहेरचा माल पटलातले ग्राही रेणू पकडतात, ग्राही आणि टोपली यांना जोडणारी प्रथिने वेगळीच. टोपली पूर्ण होत आली की तिची मान कापली जाते. पुटिका आत सुटली की काही सेकंदांत टोपली उसवते, तुकडे पुन्हा वापरात येतात.

ही मान कोण कापते, या प्रकरणात आपली मुंबईही आली. १९७३ मध्ये व्हँकुव्हरला एक फळमाशी सापडली. साधारण तीस अंशांपर्यंत तापवली की लुळी पडते, थंड केली की पुन्हा उडते. नाव ठेवले शिबिरे, जपानीत बधिर होणे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी अशा लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर काम करत. होमी भाभांनी बोलावल्यावर १९६२ मध्ये त्यांनीच तिथला रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला होता. अशा माश्यांवर बेन्झर यांच्याबरोबरचा त्यांचा निबंध आला तोही १९७६ सालीच! पुढे त्याच संस्थेतले के. एस. कृष्णन शिबिरेच्या मागे लागले. १९८३ मध्ये दिसले की तापवलेल्या माशीच्या चेतापेशींत खळगे पडतात, पण मान कापली जात नाही, पुटिका संपतात, आणि म्हणून माशी लुळी पडते. १९९१ मध्ये बिघडलेले प्रथिन ओळखले गेले, डायनॅमिन. तीच ती कात्री.

म्हणजे मी वेल्ह्याला 'झिरपतं' सांगत होतो, तेव्हा दोनशे किलोमीटरच्या आत या विषयातले लोक माश्या तापवत बसले होते. पाठ्यपुस्तकात यातले काही नव्हते, हे खरे. पण "मला माहीत नाही, बाळ" एवढे म्हणायला पाठ्यपुस्तक लागत नाही.

काही वर्षांपूर्वी भोरच्या एस.टी. स्टँडवर एका बाईने वाकून नमस्कार केला. तीच. सोबत नातू होता, हातात तांदळाची पिशवी. मी प्रश्नाची आठवण काढली. तिला तो आठवत नव्हता. "तुम्ही रागावला हुता, ते ध्यानात हाय," असे म्हणून ती हसली. मी तिच्या नातवाला टोपलीची गोष्ट सांगायला लागलो. पोराने ऐकले आणि विचारले, "मंग आत गेल्यावर त्या पिशवीचं काय हुतं?"

तेवढ्यात त्यांची गाडी लागली. त्याचे उत्तर पुढच्या वेळी, नातीला विचारून.