विनापरवाना लहरी आणि कार्यालयातील वायफाय

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधील एखाद्या इमारतीत उभे राहून मोबाइलवर वायफायची यादी उघडून पाहा. होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्यावरून नाव मिळालेली ही वसाहत मुळात राहण्यासाठी आखलेली. आज तिच्या गल्ल्यांतील घरांच्या मजल्यांवर नव्या कंपन्यांची कार्यालये आहेत. वायफायची यादी संपायला बोटाने बराच वेळ वर सरकवावी लागते. यातील एकाही वायफायसाठी कोणी सरकारकडे लहरींचा परवाना मागितलेला नाही. हे स्वातंत्र्य आणि कार्यालयात रोज ऐकू येणारी ‘नेट चालत नाही’ ही तक्रार, दोन्हींचे मूळ एकाच नियमात आहे. या पाठात आपण तो नियम समजून घेऊ.

भारतीय तार अधिनियम, १८८५ ने तारयंत्रणेचा अधिकार सरकारकडे ठेवला. भारतीय बिनतारी तार अधिनियम, १९३३ त्याही पुढे गेला. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरले. घरातल्या रेडिओसाठी टपाल कार्यालयात परवाना काढावा लागे, हे तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या चौकटीत प्रत्येक खोलीत एक प्रक्षेपक असणे कल्पनेपलीकडचे होते.

बदलाची सुरुवात अमेरिकेत झाली. १९८५ मध्ये तेथील दळणवळण आयोगाने काही पट्टे विनापरवाना वापरासाठी खुले केले. त्यांत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाही होता. मायक्रोवेव्ह ओव्हनसारखी यंत्रे आधीच तो वापरत होती, त्यामुळे इतरांना त्याचे फारसे आकर्षण नव्हते. जगाला वायफाय मिळाले ते या टाकाऊ समजल्या गेलेल्या जागेत! १९९७ मध्ये ८०२.११ हे पहिले मानक आले, वेग सेकंदाला २ मेगाबिट. १९९९ च्या ‘८०२.११बी’ने तो ११ मेगाबिटपर्यंत नेला.

भारतात २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनांनी २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झचे काही पट्टे त्याच दिवशी खुले झाले, पण केवळ इमारतीच्या आतील वापरासाठी. सवलतीसोबत तीन अटी होत्या: इतरांना अडथळा आणायचा नाही, अडथळा झाल्यास संरक्षण मागायचे नाही, आणि वापर सामायिक राहील. दुसरी अट नीट वाचा. शेजारच्या राउटरमुळे तुमची बैठक अडखळली, तर दाद मागायला कोणी नाही. परवान्याचा त्रास गेला, त्याबरोबर परवान्याचे संरक्षणही गेले.

आता गणित पाहा. हा पट्टा जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झचा. त्यात १३ चॅनेल बसवली आहेत, एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झवर. एका प्रक्षेपणाला मात्र सुमारे २० मेगाहर्ट्झ लागतात. म्हणून सोयीची चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. गर्दी पाहून मधले ३ किंवा ४ निवडण्याचा मोह अनेक तंत्रज्ञांना होतो, तो टाळावा. एकाच चॅनेलवरची उपकरणे एकमेकांना ऐकून पाळीपाळीने बोलतात. अर्धवट आच्छादणाऱ्या चॅनेलवर ती एकमेकांचे बोलणे समजू शकत नाहीत, त्यांच्यासाठी तो नुसता गोंगाट असतो.

२००८ मध्ये या मोकळेपणाची वेगळीच बाजू समोर आली. जुलैतील अहमदाबाद स्फोटांच्या वेळचा धमकीचा ईमेल नवी मुंबईतील एका घराच्या वायफायवरून, तर सप्टेंबरमधील दिल्ली स्फोटांच्या वेळचा चेंबूरमधील एका कंपनीच्या वायफायवरून गेल्याचे तपासात आढळले. पोलीस आधी पोहोचले ते जोडणीच्या मालकापर्यंत. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत इंटरनेट सेवा कंपन्यांना सूचना दिल्या. वास्तविक ‘वेप’ ही जुनी कुलूपपद्धत २००१ मध्येच फोडली गेली होती आणि २००४ पासून ‘डब्ल्यूपीए २’ उपलब्ध होती. आजही कार्यालय उभारताना पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवा आणि एखादा कर्मचारी नोकरी सोडून गेला की सामायिक पासवर्ड बदला.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाले, इमारतीबाहेरही. अटी त्याच. या पट्ट्याच्या लहरी भिंतीत जास्त क्षीण होतात, अशी तक्रार केली जाते. एचएसआरसारख्या दाट वस्तीत मला तो गुणच वाटतो, कारण शेजाऱ्याच्या लहरीही तुमच्या भिंतीत अडतात. म्हणून एकच शक्तिशाली राउटर कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा मोठ्या खोल्यांत एकेक ॲक्सेस पॉइंट केबलने जोडून लावा आणि त्यांची शक्ती कमी ठेवा. शक्ती वाढवून राउटरचा आवाज लॅपटॉपपर्यंत पोहोचेल, पण लॅपटॉपचा क्षीण आवाज परत कसा पोहोचणार? चॅनेलची रुंदीही २० किंवा ४० मेगाहर्ट्झच ठेवा. ८० घेतली की शेजाऱ्यांशी पुन्हा टक्कर सुरू होते.

याच पट्ट्याच्या काही भागात रडारही आहेत. रडारची चाहूल लागताच अनेक राउटर ते चॅनेल सोडतात, आणि अशा भागातील दुसऱ्या चॅनेलवर जायचे तर आधी किमान एक मिनिट कानोसा घेतात. वायफाय अधूनमधून मिनिटभर नाहीसे होत असेल, तर राउटरच्या नोंदवहीत ही घटना शोधा. मात्र त्याआधी एक लॅपटॉप केबलने थेट जोडून पाहा. केबलवरही वेग मिळत नसेल, तर दोष लहरींचा नाही; सेवा कंपनीला फोन करा.