जुन्या केसमध्ये शिक्षा झालीय? अमेरिकेच्या व्हिसासाठी लागणारं 'वेव्हर' काय असतं

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जायचंय, पण २० वर्षांपूर्वी एका केसमध्ये शिक्षा झाली होती. म्हणून दार कायमचं बंद होतं, असं नाही.

डीएस-१६० या ऑनलाइन अर्जात अटक किंवा शिक्षा झाली होती का, असा थेट प्रश्न असतो. 'नाही लिहा, कोण बघतंय' असं सांगणारे एजंट भेटतातच. त्यांचं ऐकू नये. खोटं उघड झालं तर त्याच कारणावरून आयुष्यभर व्हिसा अडू शकतो. मूळ गुन्ह्यापेक्षा हे जड.

एकच गुन्हा, कायद्यात त्याला जास्तीत जास्त १ वर्ष कैद आणि प्रत्यक्ष शिक्षा ६ महिन्यांच्या आत, अशी किरकोळ केस बहुतेक वेळा आड येत नाही. पण आपल्याकडे साध्या चोरीलाही ३ वर्षांपर्यंत कैद आहे, त्यामुळे ती या सवलतीत बसत नाही. अमली पदार्थांना तर ही सवलत नाहीच.

नकार आला की मुंबईच्या वकिलातीतला अधिकारी वेव्हरची, म्हणजे तात्पुरत्या माफीची, शिफारस करू शकतो. निर्णय अमेरिकेचं सीमा सुरक्षा खातं घेतं. गुन्हा किती गंभीर, माणसापासून धोका किती, जायचं कारण काय, हे तिथे पाहतात. यात महिने जातात; तिकीट आधी काढू नये.

कोर्टाच्या निकालाची सही-शिक्क्याची नक्कल, तिचं इंग्रजी भाषांतर, दंडाची पावती मुलाखतीआधीच जमवावी. जुनी फाईल रेकॉर्ड रूममधून निघायलाच वेळ लागतो.