चित्रांचे दुकान आणि दुकानामागचा माणूस



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही मंडळींना नवल वाटले असेल. पगार, बोनस आणि कामाचे तास यांवर बोलण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने चित्रांच्या दुकानावर काय बोलावे? परंतु दुकान म्हटले की काम आले, आणि काम म्हटले की कामगार आला. तेव्हा विषय मला वाटतो तितका परका नाही.

वाघ, गवा, धनेश, खंड्या अशा रानच्या जीवांची चित्रे विकणारी जुनी दालने आज देशोदेशी आपल्या दुकानांना कुलूप लावून ऑनलाईन विक्रीकडे वळत आहेत. मालक म्हणतात, भाडे परवडत नाही आणि गिऱ्हाईक फोनवरच चित्र पाहते. हे वारे आपल्याकडेही आहे. मुंबईत १९४८ साली सुरू झालेला स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ साली बंद झाला. काळाघोड्याचे रिदम हाऊस त्याआधीच, २०१६ साली मिटले. गिऱ्हाईक घरबसल्या खरेदी करू लागले, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. अशा वेळी वर्तमानपत्रांत हळहळीचे लेख येतात. मला मात्र हळहळीपेक्षा हिशेब महत्त्वाचा वाटतो. दुकान मिटते तेव्हा माल नाहीसा होत नाही; मालामागचा माणूस दिसेनासा होतो. हेच आज मला इतिहासाच्या आधाराने सांगावयाचे आहे.

प्रथम आपल्या दाराशीच पाहू. पळसदरीवरून घाट चढून जाणारी गाडी खंडाळा, लोणावळा ओलांडून मळवलीस पोचते. या मळवलीस एके काळी देशातला मोठा नामांकित चित्रछापखाना होता. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस काढला. आधीची त्यांची तैलचित्रे महाराजांच्या दिवाणखान्यांत लागत. ती सामान्य माणसाच्या भिंतीवर जावीत, हा छापण्यामागचा हेतू. पुढे मुंबईत प्लेग आला, धंद्यावर कर्ज झाले, आणि १८९९ च्या सुमारास छापखाना मळवलीस हलला. विसाव्या शतकाच्या आरंभीच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी या छापखान्यासाठी काम केले होते. १९७२ साली तेथे आग लागली आणि पुष्कळ ठेवा जळून गेला.

आता त्या छपाईत काय काय करावे लागे, ते पाहा. चित्र कागदावर एकदम उमटत नसे. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. शिळा घासून आरशासारखी सपाट करावयाची, तिच्यावर तेलकट शाईने त्या रंगापुरता भाग उतरवावयाचा, शिळा ओली करावयाची; मग तेलकट जागी रंग धरतो आणि ओल्या जागी धरत नाही. तोच कागद एका शिळेवरून दुसऱ्या शिळेवर, असा अनेकदा फिरे. एका फेरीत तो केसभर जरी सरकला, तर सरस्वतीचे ओठ गालावर गेलेच म्हणून समजा. म्हणजे शिळा घासणारा, रंग घोटणारा, कागद लावणारा, यंत्र फिरवणारा, अशा कितीतरी हातांची नजर त्या चित्रात उतरलेली असे.

त्या चित्रांच्या तळाशी ‘रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’ असे छापलेले असे. चित्रकाराचे नाव राहिले, मालकाचे नाव राहिले, गावाचेही राहिले. शिळा घासणाऱ्याचे नाव कोणत्या तळाशी आहे?

आपल्या बोरघाटाचीही तीच कथा आहे. १८६३ साली घाटातून आगगाडी सुरू झाली. इंजिनियर जेम्स बर्कले यांचे नाव पुस्तकांत आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे काम हाती घेताच वारले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी ते पुरे करवून घेतले, हेही नमूद आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या हजारो माणसांनी हा डोंगर फोडला, आणि पटकीने व तापाने जी माणसे येथेच मेली, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली? इतिहास बहुधा पावती फाडणाऱ्याचा लिहिला जातो; ओझे वाहणाऱ्याचा नव्हे.

आता रानच्या चित्रांकडे वळू. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली आठ निसर्गप्रेमी गृहस्थांनी स्थापन केली. आरंभी भायखळ्याच्या संग्रहालयात तिच्या सभा भरत. पुढे ती फोर्टात, हर्बर्ट फिप्सन यांच्या जागेत आली. हे फिप्सनसाहेब दारूचे व्यापारी! म्हणजे पशुपक्ष्यांचा अभ्यास करणारी देशातील एक अग्रगण्य संस्था एका दुकानदाराच्या आसऱ्याने वाढली. १८८६ साली तिचे नियतकालिक निघाले आणि त्यातून पक्ष्यांची रंगीत चित्रे घरोघर जाऊ लागली. फिप्सन यांच्या कचेरीत कारवारकडून आलेला एक धनेश पक्षी होता. त्याचे नाव विल्यम. १८९४ पासून १९२० पर्यंत तो तेथे राहिला. पुढे धनेश हेच संस्थेचे चिन्ह झाले आणि १९६५ साली उभ्या राहिलेल्या तिच्या वास्तूस ‘हॉर्नबिल हाऊस’, म्हणजे धनेशाचे घर, असे नाव मिळाले.

धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते. एवढीशी फट राहते आणि तिच्यातून नर तिला चारा देतो. अशी ढोली हुडकणे हे रानात जन्म काढलेल्यांचे काम. आपल्या कर्जत-खालापुरातले कातकरी आणि ठाकर बांधव पाखराची शीळ ऐकून पाखरू ओळखतात. शास्त्रज्ञाने नाव दिले, चित्रकाराने रंग दिले, दुकानदाराने किंमत दिली. परंतु ‘ते बघा, त्या फांदीवर’ म्हणून बोट दाखवणारा बहुतेक वेळा बेनाव राहिला. रानच्या चित्राच्या इतिहासातला हा पहिला कामगार, आणि तो कोणाच्याच हजेरीपटावर नव्हता.

चित्रदालनांचा इतिहासही असाच कष्टाच्या दारातून आत येतो. केकू गांधी यांची ‘केमोल्ड’ ही मुळात चित्रांच्या चौकटी करणारी कंपनी; ती १९४१ सालची. चौकटी विकता विकता त्यांनी आपल्याच दुकानात तरुण चित्रकारांची चित्रे टांगली. १९५२ साली जहांगीर आर्ट गॅलरी उघडली आणि १९६३ साली तिच्या पहिल्या मजल्यावर केमोल्डचे दालन सुरू झाले. ते तेथे चार दशकांहून अधिक चालले आणि २००७ साली फोर्टातच दुसऱ्या जागी गेले. सांगावयाचे ते एवढेच की, दालनाच्या मुळाशी रंधा आणि करवत आहे. दुकान होते म्हणून सुताराला काम होते, काच कापणाऱ्याला होते, चित्र डोक्यावर घेऊन जाणाऱ्या हमालाला होते, झाडलोट करून सकाळी दार उघडणाऱ्या शिपायालाही होते.

मग ऑनलाईन विक्री वाईट का? मी तसे म्हणणार नाही. जुन्या गोष्टीला सोन्याचा मुलामा देणे हे चळवळीतल्या माणसाला शोभत नाही. ती काचेची दारे आपल्यापैकी कितीजणांनी ढकलली? गिरणीतला माणूस जहांगीरच्या पायऱ्यांपर्यंत जाई, बाहेर फुटपाथवर मांडलेली चित्रे पाही आणि परत फिरे. आत कोणी अडवत नसे, परंतु पायच उचलत नसे. आज पळसदरीचा मुलगा फोनवर जगातले कोणतेही चित्र पाहू शकतो. डहाणूच्या बाजूचे जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्र कागदावर आणून जगभर नेले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. त्यांच्या मागून आलेल्या मुलांना आपले चित्र दलालावाचून विकता येत असेल, तर मी त्याचे स्वागतच करीन.

शिवाय, दुरून माल मागवणे ही काही नवी गोष्ट नव्हे. व्ही. पी. ची पद्धत आपल्याकडे १८७७ पासून आहे. पुस्तक, औषध, घड्याळ, तसबीर, काय हवे ते पत्र टाकून मागवावे आणि पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवून सोडवून घ्यावे. ऑनलाईन विक्री ही त्या व्ही. पी. चीच नात आहे.

मग फरक कोठे पडला? फरक पार्सल आणणाऱ्या माणसात पडला. पोस्टमनला गणवेश होता, महिन्याचा पगार होता, रजा होती, म्हातारपणी पेन्शन होते. हे त्याला कोणी दान म्हणून दिले नाही. ११ जुलै १९४६ पासून देशभरच्या पोस्टमन मंडळींनी संप केला. त्यांच्या पाठीशी इतर कामगार उभे राहिले. अशा झगड्यांतून ती नोकरी माणसासारखी झाली. आज मोटारसायकलवरून पार्सल आणणाऱ्या पोराला आपण काय म्हणतो? ‘भागीदार’ म्हणतो! नफ्यात भाग नाही, कंपनीच्या निर्णयात भाग नाही. पेट्रोल त्याचे, गाडी त्याची, अपघात झाला तर हाडही त्याचेच. भागीदारी ती एवढीच.

कायदा काय म्हणतो, तेही पाहू. १९४८ साली मुंबई राज्याने दुकाने व संस्था यांचा कायदा केला, आणि दुकानातल्या नोकराला कामाचे तास व सुट्टीचा दिवस मिळाला. २०१७ साली महाराष्ट्राने त्याच्या जागी नवा कायदा आणला. त्याची मुख्य कलमे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या जागेस लागू केली. १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदाही दहाच्याच हिशेबाने चालला. चित्रदालनात नोकर किती? बहुधा चार, फार तर सहा. म्हणजे वीस वर्षे चित्रे पुसलेला माणूस कुलूप लागताच नुसत्या आभारावर घरी जातो. ऑनलाईन कामगाराचे नाव २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत प्रथमच आले. नाव आले, हे चांगलेच. परंतु नावाच्या मागे पेन्शन, विमा आणि आजारपणाची रजा यावयास हवी. नुसत्या व्याख्येने कोणाची चूल पेटत नाही.

म्हणून माझे म्हणणे तीन गोष्टींत सांगतो. एक, दुकान मिटवणाऱ्या मालकाने आपल्या चार नोकरांचा हिशेब कायद्याच्या दहाच्या आकड्याआड न लपता पुरा करावा. भाड्याचे जे पैसे वाचणार, त्यांत त्यांचाही वाटा आहे. दोन, पार्सल बांधणाऱ्या आणि पोचवणाऱ्या माणसाला कामगार म्हणावे आणि कामगाराचे हक्क द्यावेत. तीन, आपण गिऱ्हाइकांनी स्वस्त आणि त्वरित यांपलीकडे एखादा प्रश्न विचारावा. उद्या मिळणारे चित्र परवा मिळाले, तर वाघ काही रंग सोडत नाही. परंतु ती एका दिवसाची घाई कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

इतिहास मागचे दुरुस्त करता येत नाही. मळवलीच्या शिळा घासणाऱ्यांची नावे आता आपल्याला मिळणार नाहीत, बोरघाटातल्यांचीही नाहीत. पुढच्यांची मात्र मिळू शकतात. चित्राच्या पाठीमागे, जेथे भिंत असते आणि कोणी पाहत नाही, तेथे एक चिठ्ठी चिकटवण्यास कितीसा खर्च येतो? रान दाखवले कोणी, चित्र काढले कोणी, छापले कोणी, चौकट केली कोणी, एवढेच लिहावे. चित्र विकत घेताना ही चिठ्ठी मागा. दुकानात मागा, फोनवर मागा. चार गिऱ्हाइकांनी मागितली तर मालक हसेल. चारशे जणांनी मागितली तर तो ती छापून ठेवील. संघटना म्हणजे दुसरे काय असते?