पाठीवरचं बिऱ्हाड

१७७८ सालच्या वसंतात रिबेका बून केंटकीतल्या बून्सबरो गढीतून लेकरांना घेऊन निघाली. घोड्यांवर सामान लादलेलं, वाट डोंगराची, आणि जायचं होतं थेट नॉर्थ कॅरोलायनातल्या यॅडकिन नदीकाठी, माहेरी. फेब्रुवारीत तिचा नवरा डॅनियल मीठ काढायला गेला असता सोबत्यांसह शॉनी या मूलनिवासी जमातीच्या हाती सापडला होता. महिने लोटले, निरोप नाही. तो मेला असंच तिने धरलं. जेमायमा ही लग्न झालेली लेक तेवढी गढीत मागे राहिली.

जूनमध्ये डॅनियल कैदेतून निसटून परतला. त्याचं घर रिकामं होतं.

डॅनियल बून म्हटलं की अमेरिकेत रानात बंदूक घेऊन उभा असलेला एकटा वीर डोळ्यांपुढे येतो. डोक्यावर रॅकूनच्या कातड्याची शेपटीवाली टोपी. खरा बून ती टोपी घालत नसे, त्याची हॅट साध्या फेल्टची होती. आणि तो एकटाही नव्हता. ज्याला अमेरिकन माणूस ‘फ्रंटियर’ म्हणतो त्या सरहद्दीवर बायका, भावंडं, मेहुणे, जावई, पुतणे अशी अख्खी घराणी सरकत होती. बूनची कथा नीट कळते ती अशा घराण्याची कथा म्हणून वाचली तरच.

हे घराणं इंग्लंडमधल्या डेव्हनचं. डॅनियलचे वडील स्क्वायर बून विणकर होते, क्वेकर पंथाचे होते. पेनसिल्व्हेनियात रेडिंगजवळ ते स्थिरावले, आणि तिथे १७३४ मध्ये अकरा भावंडांतला सहावा डॅनियल जन्मला. वडील माग आणि लोहारकाम सांभाळायचे. आई उन्हाळ्यात गुरं घेऊन लांबच्या कुरणावर राहायची. सोबतीला गेलेला डॅनियल तिथेच रान वाचायला शिकला. पुढे मुलांनी पंथाबाहेर लग्नं केली, स्क्वायर यांनी माफी मागायला नकार दिला आणि क्वेकर मंडळींनी त्यांना वाळीत टाकलं. १७५० मध्ये सगळं कुटुंब पेनसिल्व्हेनिया सोडून दक्षिणेकडे, यॅडकिनच्या खोऱ्याकडे निघालं.

तिथे १७५६ मध्ये डॅनियल आणि रिबेका ब्रायन यांचं लग्न झालं. तो २१ वर्षांचा, ती १७ वर्षांची. त्यांना दहा मुलं झाली. त्याशिवाय नात्यातली पोरकी मुलंही रिबेकाने वाढवली.

डॅनियलचं खरं पोट हरणाच्या कातड्यावर होतं. ही कातडी इंग्लंडला जात आणि त्यांचे हातमोजे, विजारी शिवल्या जात. शिकारीचा हंगाम थंडीचा, म्हणजे कर्ता पुरुष महिनोन्‌महिने रानात. तेवढा काळ शेत, गुरं, मुलं आणि देणेकरी यांना तोंड देणारी रिबेका. १७६९ च्या मे महिन्यात तो अॅपलेशियन डोंगर ओलांडून केंटकीत गेला, तो दोन वर्षांनी परतला. मधल्या काळात शॉनींनी त्याला पकडून कातडी जप्त केली आणि ही आमची शिकारभूमी आहे, पुन्हा येऊ नका, असं बजावून सोडलं. ब्रिटिश राजाच्या १७६३ च्या जाहीरनाम्यानेही डोंगरापलीकडे वसाहत करायला मनाई केलेली होती. म्हणजे बून जिथे घर मांडू पाहत होता ती जमीन मोकळी नव्हती, आणि हे त्याला माहीत होतं.

तरी १७७३ मध्ये त्याने शेत विकलं आणि काही कुटुंबं बरोबर घेऊन तो निघाला. १० ऑक्टोबरला मागच्या तुकडीवर हल्ला झाला. त्यात त्याचा थोरला मुलगा जेम्स हालहाल होऊन मेला. वय अवघं सोळा. काफिला माघारी वळला.

दोन वर्षांनी रिचर्ड हेंडरसन या सट्टेबाजाने चेरोकी पुढाऱ्यांकडून केंटकीचा मोठा भाग विकत घेतला. त्यांच्यातल्याच ड्रॅगिंग कनू या तरुण पुढाऱ्याने या सौद्याला कडाडून विरोध केला होता. हेंडरसनसाठी बूनने सुमारे तीस कुऱ्हाडवाले घेऊन कंबरलँड खिंडीतून वाट पाडली. तीच पुढे ‘वाइल्डरनेस रोड’ म्हणून प्रसिद्ध झाली. या कामावर शॉनींच्या हल्ल्यात जे मेले त्यांत सॅम नावाचा एक गुलामही होता. वसाहतीच्या इतिहासात अशा माणसांना क्वचितच ओळभर जागा मिळते. बूनच्या स्वतःच्या मालकीचेही १७८७ पर्यंत सात गुलाम होते.

१७७५ च्या सप्टेंबरात रिबेका आणि मुलं बून्सबरोला आली. वर्षभरात जेमायमा आणि तिच्या दोन मैत्रिणींना नदीवरून पळवून नेण्यात आलं. डॅनियलने माग काढत त्यांना सोडवून आणलं. त्यानंतर आली १७७८ ची कैद. शॉनी प्रमुख ब्लॅकफिश याने त्याला दत्तक घेतलं आणि शेल्टोवी, म्हणजे मोठं कासव, असं नाव दिलं. गढीवर हल्ला होणार हे कळताच बून पळाला आणि १६० मैल तोडून परतला. गढीला वेढा पडला आणि उठलाही, पण सोबत्यांना शत्रूच्या हवाली केल्याचा आरोप ठेवून त्याच्याच लोकांनी त्याच्यावर लष्करी खटला भरला. तो निर्दोष सुटला, मग यॅडकिनला जाऊन रिबेकाला भेटला. पुढच्या वर्षी सगळं कुटुंब पुन्हा केंटकीत आलं. १७८० मध्ये भाऊ नेड मारला गेला. १९ ऑगस्ट १७८२ रोजी ब्लू लिक्सच्या लढाईत मुलगा इझ्रेल बापाच्या डोळ्यांदेखत पडला.

एवढं रक्त ज्या जमिनीसाठी सांडलं, ती तरी हाती लागली का? नाही. केंटकीला लागू असलेल्या व्हर्जिनियाच्या कायद्यात आधी सरकारी मोजणी आणि मग वाटप असा क्रमच नव्हता. परवाना विकत घ्यायचा, झाडांवर खुणा करून चतुःसीमा ठरवायच्या, मोजणी करून नोंद करायची. एकाच तुकड्यावर तीन-चार दावे पडत आणि ज्याचे कागद पक्के त्याची जमीन. बून स्वतः मोजणीदार होता, पण कागद सांभाळण्यात कच्चा. १७८० मध्ये परवान्यांसाठी शेजाऱ्यांनी विश्वासाने दिलेली मोठी रक्कम वाटेत चोरीला गेली, ती फेडण्यात वर्षं गेली. १७९० च्या शिरगणतीत केंटकीची वस्ती ७३,६७७ भरली, बूनचे दावे मात्र एकामागून एक कोर्टात बुडत होते. १७९८ मध्ये केंटकीने एका परगण्याला त्याचं नाव दिलं. त्याच वर्षी साक्षीला गैरहजर राहिल्याबद्दल त्याच्यावर अटकेचं वॉरंटही निघालं.

१७९९ मध्ये, साठी उलटलेलं हे जोडपं मुलं-नातवंडांसह मिझुरीला गेलं. तिथे तेव्हा स्पेनचा अंमल होता. बूनला सुमारे ८५० एकर जमीन आणि न्यायनिवाड्याचं काम मिळालं. १८०३ मध्ये अमेरिकेने तो मुलूख विकत घेतला आणि त्याचा हक्क पुन्हा नामंजूर झाला. काँग्रेसने १८१४ मध्ये जमीन परत केली. ती विकून त्याने केंटकीतलं जुनं देणं फेडलं.

रिबेकाला तो निकाल पाहायला मिळाला नाही. १८१३ च्या मार्चमध्ये मेपलच्या रसाची साखर करायला गेलेली असताना ती आजारी पडली आणि गेली. डॅनियल २६ सप्टेंबर १८२० रोजी धाकटा मुलगा नेथन याच्या घरी वारला. घराण्याच्या बारीकसारीक आठवणी टिकल्या त्या नेथन आणि त्याची बायको ऑलिव्ह यांच्यामुळे. १८५१ मध्ये लायमन ड्रेपर या संग्राहकाने त्यांना बोलतं करून सगळं लिहून घेतलं.

१८४५ मध्ये केंटकीने दोघांच्या अस्थी मिझुरीतून उकरून फ्रँकफर्टला नेल्या आणि पुढे तिथे स्मारक बांधलं. ज्यांची ती शिकारभूमी, त्या शॉनींनाही तोवर पश्चिमेकडे ढकलून झालं होतं. आज त्यांच्या तिन्ही मान्यताप्राप्त जमाती ओक्लाहोमात आहेत, केंटकीत एकही नाही.